आं गार्द, प्रे, आले!

लेकीला पहिल्यांदा तलवारबाजीच्या क्लासला सोडायला गेलो, त्या दिवशी मी एका शब्दावर फसलो. क्रीडा संकुलाचा हॉल, जमिनीवर लांबलचक पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन पोरं. तोंडावर जाळीचे मास्क, पाठीमागून निघालेल्या वायरी, हातात काडीसारखी बारीक पाती. मध्ये सर. सर मूळचे बीडकडचे, एरवी "काय रं, कोपर खाली घे की" असं बोलणारे. त्यांनी एकदम आवाज बदलला. "आं गार्द!" पोरं गुडघ्यांत वाकली. "प्रे?" पोरं स्तब्ध. "आले!"

मी वळून दाराकडं पाहिलं. कोण आले?

कुणीच आलं नव्हतं. पोरं एकमेकांवर तुटून पडली होती आणि शेजारचे पालक गालात हसत होते. त्यांचंही कधीतरी असंच झालं असणार. 'आले' हा फ्रेंच शब्द, अर्थ 'चला, करा सुरू'. आपण ज्याला येणं म्हणतो, ते त्यांचं जाणं. आंतरराष्ट्रीय तलवारबाजीत पंच फ्रेंचमध्येच बोलतो, आणि तीच रीत छत्रपती संभाजीनगरच्या या हॉलपर्यंत येऊन पोचली आहे. आपल्याला क्रिकेटमधलं 'आउट' जसं परकं वाटत नाही, तसं या पोरांना हे वाटत नाही. पाण्याची बाटली फेकायच्या आधीसुद्धा ती एकमेकांना "प्रे?" विचारतात, म्हणजे 'तयार?'

लेकीला हे वेड लागलं २०२१ च्या जुलैत. ती तेव्हा सात वर्षांची. टोकियोत भवानी देवी उतरली होती, तलवारबाजीत ऑलिंपिकपर्यंत पोचलेली पहिली भारतीय. पहिली लढत तिनं १५-३ अशी मारली आणि दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेपुढं ७-१५ अशी हरली. आमच्या घरात त्या दिवसापासून 'फ्रान्सवाली' ही शिवी झाली. मांजरानं दूध सांडलं की मांजर फ्रान्सवाली. पुढं क्लास लागला, हातात फॉइल, म्हणजे बारीक पात्याची हलकी तलवार, आली, आणि एके संध्याकाळी स्कूटरवर मागून प्रश्न आला, "बाबा, त्या फ्रान्सवाल्यांना एवढं कसं काय येतं? त्यांच्याकडं पूर्वीपासून मुली तलवार चालवायच्या का?"

संकुलापासून सिडकोतल्या आमच्या घरापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात सांगता येईल एवढं मी रोज वाचून जायला लागलो. मान अर्धवट वळवून, हेल्मेटमधून ओरडून सांगायची गोष्ट. कथेला कुठं थांबवायचं हे मी ठरवत नव्हतो, सेव्हन हिल्सचा सिग्नल ठरवत होता.

सुरुवात साहजिकच दार्तान्यांपासून केली. 'थ्री मस्केटिअर्स' कादंबरीतला नव्हे, खरा. गॅस्कनीतल्या लुपियाक गावचा, राजाच्या मस्केटिअरांचा नायक. हा मनुष्य २५ जून १६७३ रोजी मास्त्रिख्तच्या वेढ्यात पडला, आणि तोही तलवारीनं नाही, गळ्यात बंदुकीची गोळी लागून. 'मस्केटिअर' म्हणजे मुळात बंदूकवाला, हे ऐकून लेक फार नाराज झाली. मग विचारती झाली, "त्याला मुलगी होती?" नव्हती. दोन मुलगे, आणि दोघांचंही नाव लुई. "दोघांचं एकच?" या गोष्टीवर ती सिडको चौकापर्यंत हसत राहिली.

खऱ्या दार्तान्यांला मुलगी नसली, तरी पुढच्या कथाकारांनी त्याला ती देऊन टाकली. साहसकथांत असं पुष्कळदा होतं. तलवार चालवणारी पोरगी कुणातरी शूर माणसाची लेक असावी लागते. बाप संकटात असतो किंवा मेलेला असतो, त्याची तलवार भिंतीवर असते, आणि ती खाली काढायला पोरीला सबळ कारण लागतं. मुलगा मात्र घोड्यावर टांग टाकून उगाचच घराबाहेर पडू शकतो. मला या कथा आवडतात, पण ही बापाची अट जरा खुपते. म्हणून मी लेकीला म्हटलं, खरी मुलगी सांगतो. दार्तान्यां मेला त्याच सुमाराला जन्मलेली.

झ्युली दोबिन्यी. पुढं रंगभूमीवर 'मोपँ' म्हणून गाजली. तिचे वडील गास्तों दोबिन्यी हे काउंट दार्मान्याक यांचे चिटणीस. आणि हे काउंट म्हणजे चौदाव्या लुईच्या पागेचे मुख्य. फ्रान्सच्या दरबारात हा मान एवढा मोठा होता, की त्यांना नाव न घेता नुसतं 'मोठे साहेब' अशा अर्थानं 'मस्य ल ग्रां' म्हणत. पागेत नुसते घोडे नव्हते. सरदारांची पोरं तिथं राहून शिकत, घोडदौड, नाच, लिहिणं-वाचणं आणि तलवार. या पोरांच्या शिक्षणाची जबाबदारी गास्तोंकडे होती असं सांगतात. त्यानं आपल्या मुलीलाही त्यांच्याच रांगेत उभं केलं. तिनं कपडेही मुलांचेच घातले.

"त्या क्लासात बाकी मुली होत्या?"

"नाही."

"मग तिची जोडी कुणाबरोबर लावायचे?"

हा प्रश्न एकाही इतिहासकाराला पडलेला मी पाहिला नाही. लेकीला पडला, कारण तिच्या वयोगटात मुली तीनच आहेत आणि एक गैरहजर राहिली की हिला एखाद्या दांडग्या पोरासमोर उभं करतात.

तिच्या हातात काय असेल, हे मात्र मला नीट सांगता आलं. त्या काळात फ्रान्समध्ये तलवार बदलत होती. आधीची रेपियर लांब आणि वजनदार. रेशमी कोटावर ती मिरवायची म्हणजे दर दाराला अडकायची. लुईच्या दरबारात ती आखूड आणि हलकी झाली, धारेचं काम गेलं आणि सगळा जीव टोकात आला. आपल्याकडं तलवार म्हटलं की वार. मराठी फौजांत युरोपातली सरळ पाती यायची, त्यांना 'फिरंग' म्हणत, पण मूठ आपली आणि हातही आपला. दांडपट्ट्यात अख्खं अंग भोवऱ्यासारखं फिरतं. या फ्रेंच प्रकारात अंग एका रेषेत, पुढं-मागं, बस. बघायला अगदी काटकसरीचा वाटतो. सर म्हणतात, "हात आधी, पाय नंतर." आधी हात लांब करून टोक रोखायचं आणि मग पाऊल टाकायचं. घाईत पोरं आधी पाय टाकतात आणि समोरच्याच्या टोकावर स्वतःच जाऊन बसतात.

आणि मास्क नव्हते. जाळीचा मास्क आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. झ्युलीच्या वेळी शिकाऊ तलवारीच्या टोकाला चामडं गुंडाळलेलं बोंड असायचं. ते फुलाच्या कळीसारखं दिसायचं म्हणून त्या तलवारीचं नाव 'फ्लरे'. आपल्या क्लासातलं फॉइल ते हेच. पण कळी झाली तरी डोळ्यात गेली की डोळा गेला. म्हणून तालमीत शिस्त होती, वार फक्त धडावर, आणि समोरचा चढाई करून आला की आधी ती अडवायची, मगच आपली चाल. दोघांनी एकदम घुसायचं नाही. आज डोळ्यांना धोका नाही, तरी फॉइलचा नियम तोच आहे. टोक लागलं की दिवा पेटतो; दोघांचेही दिवे पेटले तर पॉइंट ज्याची चढाई आधी त्याला. लेक या नियमावर कैकदा रडली आहे. "मी पण मारलं ना!" मारलंस ग, पण अडवलं नाहीस. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्यातरी डोळ्यांच्या काळजीपायी माझी पोरगी परवा ४-५ अशी हरली.

गोष्ट पुढं सरकली आणि पहिल्यांदा माझीच पंचाईत झाली. झ्युली जेमतेम चौदा-पंधराची असताना तिला काउंटनं आपल्या 'आश्रयाला' घेतलं. हा आश्रय कसला, ते मोठ्यांना सांगायला नको. मग सोय म्हणून सां-झेर्मां-आं-लेमधल्या मोपँ नावाच्या गृहस्थाशी तिचं लग्न लावलं, आणि नवऱ्याला दक्षिणेत कर-वसुलीच्या कचेरीत नोकरी देऊन रवाना केलं. मी एवढंच म्हटलं, "मग तिचं लग्न झालं."

"कितव्या वर्षी?"

"लहानपणीच."

"आणि बाबांनी काही म्हटलं नाही?"

सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, ते मला फार बरं वाटलं.

पुढचे काही दिवस मी गाडी जोरात हाकली. सेरान नावाचा एक तलवारबाजीचा उस्ताद झ्युलीच्या आयुष्यात आला. त्याच्या हातून बेकायदा द्वंद्वात माणूस मेला होता आणि पॅरिसचा पोलीसप्रमुख ला रेनी त्याच्या मागावर होता. द्वंद्व म्हणजे फ्रान्समधलं जुनं दुखणं. राजाचा मंत्री रिशल्यू, त्यानं १६२६ मध्ये त्यावर कडक हुकूम काढला, आणि दुसऱ्याच वर्षी मोंमोरांसी-बूतविल या बड्या घराण्यातल्या सरदारानं ऐन पॅरिसच्या शाही चौकात भरदिवसा द्वंद्व केलं. त्याचं डोकं उडवलं. तरी खोड गेली नाही. १६७९ मध्ये चौदाव्या लुईला पुन्हा मृत्युदंडाचा हुकूम काढावा लागला. तर सेरान आणि झ्युली पळाले ते थेट मार्सेयला. पोटासाठी काय करणार? दोघं गावोगाव तलवारीचे खेळ दाखवत आणि मध्ये मध्ये ती गायची. तिथं गोतिए नावाच्या संगीतकारानं नुकतीच ऑपेरा मंडळी काढली होती, तीत तिला घेतलं. गाणं शिकलेली नव्हती, पण आवाज होता. मठातून मैत्रिणीला पळवण्याची, आगीची, एक गोष्ट याच काळातली सांगतात. ती मी गाळली. लेकीसाठी नव्हे, तिच्या आईसाठी. ती त्या दिवशी मागच्या स्कूटरवर होती.

एका खानावळीपुढची गोष्ट लेकीला मनापासून आवडली. तूरजवळच्या गावात एका तरुण सरदाराशी झ्युलीची बाचाबाची झाली, तलवारी निघाल्या, तिनं त्याचा खांदा भोसकला. दुसऱ्या दिवशी तब्येतीची चौकशी करायला तीच गेली. तो लुई-झोझेफ दाल्बेर, द ल्वीन घराण्यातला. दोघं जन्मभराचे दोस्त झाले. "म्हणजे लढत संपल्यावर हात मिळवला," लेक म्हणाली. क्लासात हा नियमच आहे. सुरुवातीला सलामी आणि शेवटी बिनतलवारीच्या हातानं हस्तांदोलन. सलामी न देता निघून गेलं तर कार्ड दाखवतात.

१६९० मध्ये ती पॅरिसच्या ऑपेरात उभी राहिली. पहिली भूमिका संगीतकार लुलीच्या 'काद्म आणि एर्मिओन'मध्ये पॅलस अथेनाची, म्हणजे शिरस्त्राण घातलेल्या, भाला धरलेल्या देवीची. कुणीतरी माणूस ओळखून काम दिलं होतं.

आणि आता द्यूमेनिल. हा ऑपेराचा आघाडीचा गायक. पूर्वी आचारी होता. लुलीनं आवाज ऐकून त्याला स्वयंपाकघरातून उचललं. आवाज सोन्याचा, वागणं मातीचं. सहगायिकांना छळायची त्याला खोड. त्यानं झ्युलीला काहीतरी लागट बोलून घेतलं. ती तेव्हा गप्प बसली. मग एका रात्री पुरुषाचा वेश करून प्लास दे व्हिक्तुआरमध्ये त्याची वाट बघत उभी राहिली. हा चौक गोल आहे, मध्ये राजाचा पुतळा. तो आला. तिनं तलवार काढायला सांगितलं. तो काढीना. मग तिनं छडी काढली, त्याला यथेच्छ बदडला आणि त्याचं घड्याळ आणि तपकिरीची डबी घेऊन निघून गेली.

इथं सिग्नल लागला. मी मुद्दाम थांबलो.

"मग? मग?"

दुसऱ्या दिवशी द्यूमेनिल ऑपेरात सगळ्यांना सांगत होता, काल तीन चोरांनी घेरलं, मी एकटा लढलो, पण शेवटी घड्याळ गेलं. झ्युलीनं त्याला बोलू दिलं. अगदी शेवटपर्यंत. मग खिशातून घड्याळ आणि तपकिरीची डबी काढून सगळ्यांसमोर ठेवली. "हे बघा तुमचे तीन चोर."

लेक मागं एवढी हसली की स्कूटर हलली. तिला त्या बदडण्यापेक्षा तो थांबण्याचा भाग जास्त आवडला, त्याला बोलू देण्याचा. "आधी अडवायचं," ती म्हणाली, "मग रिपोस्त." म्हणजे अडवल्यावरचा उलट वार. फ्रेंच तलवारबाजीचं तत्त्व माझ्यापेक्षा तिला चांगलं कळलं आहे.

यानंतरची नाचाच्या रात्रीची गोष्ट सांगताना मी अडखळलो, ती नाही. राजाच्या भावाकडं, पॅले-रॉयालमध्ये, नाच होता. झ्युली पुरुषी पोशाखात गेली, एका सुंदर मुलीबरोबर नाचली आणि सगळ्यांदेखत तिचं चुंबन घेतलं. तीन सरदारांनी तिला बाहेर यायला सांगितलं. "तिघं एकदम?" "नाही, एकेक." "मग ठीक आहे." तिघंही पडले. म्हणजे जखमी झाले. सांगतात, की राजाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, द्वंद्वबंदीचा कायदा पुरुषांसाठी आहे, बायकांबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. हे खरं की कुणीतरी नंतर रचलेलं, यावर मी पैज लावणार नाही. या गोष्टी बहुतेक अठराव्या शतकातल्या नाटकशाळेच्या इतिहासकारांनी, ती गेल्यानंतर काही दशकांनी लिहिलेल्या आहेत, आणि नाटकमंडळींच्या गप्पा कशा फुगतात ते आपल्याला काय सांगायचं. पण नटव्या गप्पांतही काही गोष्टी टिकून असतात. ती गायची, लढायची आणि लोक तिला घाबरायचे, एवढ्याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

काही दिवस ती ब्रसेल्सला जाऊन राहिली आणि परत आली. परत आली ती अधिक मोठी गायिका होऊन. राजाची दैनंदिनी लिहावी तशी रोजनिशी ठेवणारा मार्की द दांझो, त्यानंही तिच्या आवाजाला जगातला सर्वांत सुंदर आवाज म्हणून ठेवलं आहे.

मध्येच एकदा लेकीनं विचारलं, तेव्हा आपल्याकडं कोण होतं? मराठी पोरांच्या डोक्यात हा प्रश्न येतोच. मी सांगितलं, ताराबाई. झ्युली ऑपेरात गात होती त्याच वर्षांत, १७०० मध्ये राजाराममहाराज गेल्यावर, ताराबाईंनी औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. झ्युली १७०७ मध्ये गेली. औरंगजेबही १७०७ मध्येच गेला, आणि आपल्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर खुलताबादला मातीआड झाला. "आणि ताराबाईंचे बाबा?" हंबीरराव मोहिते, सरनौबत. लढाईतच पडले, वाईजवळ, १६८७ मध्ये. हे उत्तर तोंडपाठ होतं. चौथीपासूनचं.

आणि त्याच प्रवासात तो प्रश्न पुन्हा आला, जो मी हॉर्नच्या आवाजात सोडून दिला होता. "झ्युलीचे बाबा कुठं गेले?"

खरंच कुठं गेले? गोष्टीच्या पहिल्या पानावर गास्तों दोबिन्यी ठळक आहे. उत्तम तलवारबाज, शिस्तीचा, मुलीला मुलांच्या बरोबरीनं शिकवणारा. दुसऱ्या पानावर काउंट आहे. तिसऱ्या पानावर नवरा. त्यानंतर मार्सेय, पॅरिस, ब्रसेल्स, राजा, राजाचा भाऊ, बाप नाही. आमच्या आजीची म्हण होती, 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.' इथं दोन्हीची सोय नाही.

मला आता वाटतं, त्याचं गायब होणं हाच गोष्टीतला खरा भाग आहे, आणि लहान मुलांसाठी साहसकथा करताना आपण सगळ्यात आधी तोच झाकतो. मी स्वतः स्कूटरवर तेच केलं. गास्तोंनं मुलीला अडवण्याचा प्रत्येक प्रकार शिकवला. टोक वरून आलं तर असं, खालून आलं तर तसं. पण ज्या दिवशी तिच्यापुढं येऊन उभा राहिला तो खुद्द मालक होता, त्याच्या पगाराचा, घराचा, मानमरातबाचा धनी. त्या दिवशी बापाची तलवार म्यानातच राहिली. तो भ्याला असेल, की त्याला त्यात फायदा दिसला असेल, कुणास ठाऊक; चिटणिसानं काउंटला नाही म्हणायचं, हे त्या दरबारात कुणाच्या कल्पनेतही नसेल. पण मी त्याला त्याचा काळ देऊन सोडून देणार नाही. ज्यानं हात धरून मुठीवर बोटं कशी ठेवायची ते शिकवलं, त्यानं एकदा तरी मध्ये उभं राहायला हवं होतं. नंतरची तिची सगळी द्वंद्वं मला म्हणूनच थोडी वेगळी दिसतात. द्यूमेनिल छळतो, ती उभी राहते. तिघं सरदार बाहेर बोलावतात, ती जाते. दर वेळी मध्ये कुणीतरी यायला हवं तिथं तीच येते.

हे सगळं मी लेकीला सांगितलं नाही. "नंतर त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही," एवढं म्हटलं. तिनं ते मान्य केलं नाही, हे मला मागून जाणवलं.

गेल्या वर्षी कंपनीनं एका मशीनच्या प्रशिक्षणासाठी फ्रान्सला पाठवलं. परतीच्या आधी एक दुपार मोकळी मिळाली. व्हर्सायला गेलो. आरसेमहाल पाहिला नाही. घरी याबद्दल अजून ऐकून घेतो. स्टेशनवरून चालत गेलं की राजवाड्याच्या आधी, त्याच्याकडं तोंड करून शेजारीशेजारी, दोन इमारती लागतात, घोड्याच्या नालासारख्या अर्धगोल. थोरली पागा आणि धाकटी पागा. आकारानं दोन्ही सारख्याच. थोरलीत शिकारीचे आणि लढाईचे घोडे, धाकटीत गाड्यांचे. वास्तुकार अर्दुएँ-मांसार, बांधकाम १६८२ मध्ये पुरं झालं, दरबार इथं राहायला आला त्याच वर्षी. मी थोरल्या पागेत शिरलो. दरबाराबरोबर पागेची शाळाही इथंच आली, म्हणजे काउंटच्या चिटणिसाचं कुटुंबही याच आवारात वावरलं असणार.

आज तिथं घोडेस्वारीची एक अकादमी आहे, २००३ पासून. क्रीम रंगाचे, निळ्या डोळ्यांचे घोडे. स्वारांत बायका पुष्कळ. मी माहितीचा फलक वाचत होतो आणि वाचता वाचता थांबलो. इथल्या स्वारांना घोड्यांबरोबर आणखी काही गोष्टी शिकवतात. नाच. तलवारबाजी. आणि गाणं.

तिथं उभ्या उभ्या मी लेकीला फोटो पाठवला. भारतात रात्र झाली होती. उत्तर आलं, "त्यांच्या क्लासात मुली किती?"

संध्याकाळी पॅरिसमध्ये प्लास दे व्हिक्तुआरला पण गेलो. चौक गोल आहे हे खरं. पण द्यूमेनिलनं मार खाल्ला तो पुतळा नाही. तो १७९२ मध्ये क्रांतिकारकांनी वितळवला. आताचा घोड्यावरचा लुई १८२२ चा. आजूबाजूला महागड्या कपड्यांची दुकानं. तपकिरीची डबी कुणाकडंच नव्हती.

विमानात मी हेडफोन लावून कांप्राची 'तांक्रेद' ही ऑपेरा ऐकली. १७०२ मध्ये पहिल्यांदा झाली. तीतली क्लोरींद ही भूमिका झ्युलीसाठी लिहिलेली, खालच्या पट्टीतल्या बाईच्या आवाजासाठी. तोवर फ्रेंच ऑपेरात नायिका म्हटली की आवाज वर, अगदी वर. हिच्यासाठी सूर खाली आणले. क्लोरींद ही लढवय्यी राजकन्या. आणि शेवट काय, तर ती दुसऱ्याचं चिलखत घालून रणात जाते, तांक्रेद शत्रू समजून तिच्यावर वार करतो, आणि मग ओळख पटते. ज्या बाईला पॅरिसमध्ये कुणी हरवू शकत नव्हतं, तिला रंगभूमीवर रोज रात्री प्रियकराच्या हातून मरायला लावलं. मला हे नाटककाराचं जरा ओशाळवाणं डोकं वाटलं. लेकीचं मत निराळं पडलं. "मास्क काढून दाखवायचा ना आधी! किंवा नीट अडवायचं."

आल्यावर रविवारी ती मला गच्चीवर घेऊन गेली. जुना मास्क, दादाचं जुनं जॅकेट (माझ्या पोटावर त्याची चेन बसली नाही), आणि क्लासातून आणलेलं जादाचं फॉइल. अर्ध्या किलोहून हलकं, पण हात लांब करून दोन मिनिटं धरलं की खांदा बोलायला लागतो. तिनं माझी बोटं एकेक करून मुठीवर ठेवली. अंगठा वर. चिमटीनं धरायचं, मूठ आवळायची नाही. "पक्षी धरल्यासारखं," ती म्हणाली. हे सरांचं वाक्य. मग माझा मागचा पाय स्वतःच्या पायानं ढकलून बरोबर काटकोनात आणला.

"हात आधी, पाय नंतर. आणि मी आले की अडवायचं."

"बरं."

ती चार पावलं मागं गेली. सलामी दिली. मीही दिली, चुकीच्या हातानं.

"आं गार्द!"

मी गुडघ्यांत वाकलो. काहीतरी कट्ट आवाज आला.

"प्रे?"

"थांब, हा पट्टा जरा..."

"आले!"

मी सवयीनं वळून जिन्याच्या दाराकडं पाहिलं, आणि टोक छातीवर येऊन टेकलं.